हरेगावला पायी

मतमाउलीला, म्हणजे हरेगावच्या मारियामातेच्या यात्रेला, जायचं तर पायीच, हा नेम मूळचा आईचा. तिचे गुडघे गेल्यापासून तो माझ्या गळ्यात आला. निघायच्या आदल्या रात्री तिने अंथरुणातूनच रोजरी, आमची जपमाळ, माझ्या हातात दिली आणि वर बजावलं, "टेम्पोत बसायचं नाही. बसलीस तर मला कळतं." भाऊ पुण्याला असतो. दोन-चार दिवस आईजवळ येऊन राहा म्हटलं, तर त्याचं नेमकं ऑडिट निघालं. शेवटी मावसबहीण धावून आली. थोडक्यात, नगर सोडलं ते डोकं तापलेलं असतानाच.

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या मंडळीत, पद्धत आहे की ज्यांना येता येत नाही त्यांच्या विनंत्या चिठ्ठ्यांवर लिहून कोणीतरी बरोबर न्यायच्या. यंदा ती पिशवी माझ्याकडे. नुसती न्यायची असती तर काही नाही, पण कोणाला लिहिता येत नाही, कोणाचा चष्मा मोडलेला, म्हणून निम्म्याअधिक चिठ्ठ्या मीच लिहून दिल्या होत्या. बचतगटाचा थकलेला हप्ता. नवऱ्याची दारू. पोलीस भरतीत धावण्यात मागे पडलेला मुलगा. एका म्हातारीने नुसतं 'झोप लागू दे' एवढंच लिहायला सांगितलं. शेजारणीने मात्र चिठ्ठी घडी घालून, वर स्टेपल मारून आणली, पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता गेली. पाण्याच्या मोटरीवरून आमचं बोलणं बंद आहे. सगळ्या पिशवीतली तेवढीच चिठ्ठी मला माहीत नव्हती आणि चालताना सारखी तीच डोक्यात.

विळद, देहरे, विद्यापीठ, राहुरी. कुठल्या गावात कुठला मुक्काम हे आता विचाराल तर सांगता येणार नाही. खड्डे आणि कंटेनर तेवढे आठवतात. हा शिर्डीचाही रस्ता, त्यामुळे चहावाले आम्हाला बघून हमखास विचारायचे, "साईबाबाला का?" हरेगाव म्हटलं की म्हणायचे, "मग देवीला म्हणा की." मास्तर दर वेळी थांबून, ती देवी नाही, येशूची आई, असं समजावत बसायचे आणि आम्ही उन्हात उभे. मला तर कधीच कोणाला काही समजवावंसं वाटलं नाही. चहा गरम होता, पैसेही काही ठिकाणी घेतले नाहीत.

मास्तर म्हणजे निवृत्त धर्मशिक्षक. टेम्पोवरचा माइक त्यांच्या हातात. "एकमेकांची ओझी वाहा, पौल म्हणतो," हे त्यांचं ठरलेलं, आणि टेम्पोत सगळ्यात आधी चढलेली बॅग त्यांचीच. मी एकदा म्हटलं, मास्तर, पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, त्याच अध्यायात तीन ओळी खाली, प्रत्येकाने आपापला भार वाहायचा, असंही आहे. ते मोठ्याने हसले आणि माइकवर 'नमो मारिया' ही प्रार्थना सुरू केली. त्यांचा रागही धरता येत नाही.

शुक्रवारी राहुरी फॅक्टरीपाशी शिर्डीचा रस्ता सुटला आणि आम्ही देवळाली प्रवरेकडे वळलो. सकाळी पावसाची जोराची सर, दुपारी कडक ऊन. दोन्ही बाजूंना ऊस, वारा कसला तो नाही. ओल्या मोज्यांनी उजव्या टाचेला आणि चवड्याला फोड आले होते. शुक्रवार म्हणून रोजरीतली दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग, चाललेली. चौथ्या रहस्याला, येशू क्रूस वाहतो तिथे, मला पाऊल टाकवेना. मैलाच्या दगडावर बसले. मास्तरांनी मागे वळून कॉलेजातल्या एका पोरीला फर्मावलं, "तू थांब ताईंजवळ." ती म्हणाली, "मीच का? दुसऱ्या कोणाला सांगा ना." सांगितलं तिलाच. मंडळी पुढे गेली, गाणं लांब लांब गेलं, आणि ही माझ्यापासून हातभर अंतरावर कानात इअरफोन घालून उभी.

तेव्हा मला कुरेनेकर शिमोन आठवला, येशूचा क्रूस ज्याला वाहायला लावला तो. तो काही आपणहून पुढे झाला नव्हता. शिपायांनी त्याला वेठीस धरलं, असं शुभवर्तमानात मत्तय सरळ लिहितो. मार्क म्हणतो, तो रानातून येत होता. सणाचे दिवस, घरी जायची घाई असणार. तो कुरकुरला का, ते एकाही शुभवर्तमानात नाही. माझ्या मते चांगला कुरकुरला असणार. आईला रोज रात्री कूस बदलून देताना मीही कुरकुरतेच, तिला ऐकू जाईल इतकी.

रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरातून एक आजी आल्या. गळ्यात तुळशीची माळ. काही न विचारता माझा बूट ओढून काढला. "हे काय करून घेतलं गं? चल आत." पोरीने बखोटीला धरून मला ओट्यापर्यंत नेलं. आजींनी आधी पाय धुवायला लावले, कोरडे पुसले, मग घरातून सुई आणली. गॅसवर लाल होईस्तोवर तापवली, गार केली, पांढरा दोरा ओवला आणि खोबरेल तेलात बुडवला. मी म्हटलं, फोडून टाका. "फोडायचा नसतो. कातडं निघालं की मेलीस." फोडाच्या एका कडेने सुई घालून दुसऱ्या कडेने काढली. दोरा आतच ठेवला, दोन्हीकडे बोटभर शेपट्या सोडून तोडला. दोऱ्यावरून पाणी थेंबाथेंबाने झिरपायला लागलं. दुखलं नाही, पण बघवतही नव्हतं. पोर मात्र इअरफोन काढून, वाकून बघत होती. "आजी, हे कुठं शिकलात?"

"माउलीसंगं जाते की पंढरीला. तितं सगळ्यांच्याच पायात दोरं." चवड्याच्या फोडातही दोरा घालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मतमाउलीला निघाल्या नव्हं? माझ्या नावाची मेणबत्ती लाव. धाकला ल्हान असताना खोकल्यापायी नेला हुता." आणि कनवटीची पन्नासाची नोट काढून, "धाची लाव. चाळीस परत दे." मी दिले. वर, कोरडे मोजे नाहीत म्हटल्यावर नातवाचे शाळेचे मोजे दिले, निळे. ते मात्र परत मागितले नाहीत.

तिथून पुढे पोरीच्या खांद्यावर हात ठेवून चालले. ती सगळा वेळ बोलत होती, बहुतेक बीएससीच्या बॅकलॉगबद्दल. तिची चिठ्ठी पिशवीत नव्हती, हेही तेव्हा कळलं.

शनिवारी पहाटे बेलापूरला प्रवरेच्या पुलावर मोठ्या मावशींनी गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज बसला. मागून कोणीतरी ते उचललं, मग सगळ्यांनीच, टेम्पोच्या ड्रायव्हरनेही, आणि तो तर आपल्यातला नाही. मला एकदम रडू फुटलं. कोणी विचारलं नाही, बरं झालं.

श्रीरामपूर गेलं. तिथल्या स्टेशनवर अजून बेलापूर अशीच पाटी आहे. मग हरेगाव. बंद पडलेल्या साखर कारखान्याचं गाव, १९४९ पासूनची यात्रा, आणि ८ सप्टेंबरच्या आगेमागे आमच्यासारखी चारी वाटांनी येणारी माणसं. गर्दी किती होती, मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, काय प्रवचन झालं, ते तिथे असलेल्यांना ठाऊकच आहे. मला पुढचं काही दिसलं नाही, सगळा वेळ एक उंच माणूस समोर होता. दहाची मेणबत्ती कुठल्याच दुकानात नव्हती. वीसची घेतली, वरचे दहा माझे. चिठ्ठ्या वाहिल्या, स्टेपलवालीसकट, पिन न काढता. आईसाठी मागायचं ठरवून आले होते, ते ऐन वेळी सुचेना. भावासाठी मागितलं, का कोण जाणे.

संध्याकाळी टेम्पोचं भाडं पुरं पडेना. मास्तर माइकशिवाय, खालमानेने सगळ्यांकडे फिरत होते. प्रत्येकाने पुन्हा थोडे थोडे काढले. मावशींकडे नव्हते, तर त्यांचे मास्तरांनीच गुपचूप घातले. मग एसटी स्टँडपर्यंत मला कोण धरून नेणार, असा प्रश्न आला आणि मास्तरांनी पुन्हा त्याच पोरीकडे बघितलं.

"परत मीच?" ती म्हणाली, आणि खांदा पुढे केला.