तेविसाव्या कॅसेटने घाम काढला

जुन्या मिनीडीव्ही कॅसेटा कॅमेऱ्यातून संगणकावर उतरवतोय. मागच्या नोंदीत ‘बावीस झाल्या, आता घसरगुंडीच’ असं लिहून बसलो आणि दृष्ट लागली. तेविसावी कॅसेट लावली, अकराव्या मिनिटाला चित्राचे आडवे काप पडले. एक पट्टी हलती, पुढची गोठलेली, पुन्हा हलती, पुन्हा गोठलेली. धावणाऱ्या पोराची कंबर पुढे गेली आणि गुडघे मागच्या फ्रेममध्येच राहिले.

दुखणं ओळखीचं. पालमध्ये (आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) एक फ्रेम टेपवरच्या १२ तिरक्या रेघांवर, म्हणजे ट्रॅकवर लिहिली जाते. फिरत्या ड्रमवर वाचणारी हेड दोन, आलटून पालटून वाचतात. एकाआड एक अशा ६ पट्ट्या गेल्या म्हणजे एक हेड तुंबलं. ड्रम मिनिटाला ९००० फेरे मारतो, ट्रॅक एसपीतही (नेहमीच्या वेगात) जेमतेम १० मायक्रॉनचा. कणभर मळ पुरतो.

आणि लगेच ते जुनं पालुपद आठवलं: ‘वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेपा एकाच कॅमेऱ्यात लावल्यास ना? भोग आता.’ एकीचं वंगण ओलं, दुसरीचं कोरडं, दोन्ही हेडवर भेटली की चिकटा होतो, ही कथा मीही कित्येकांना ऐकवली आहे. तपासून मात्र कधी पाहिली नव्हती. या खेपेला पाहिली.

आधी सफाई. शॅमॉयची (मऊ चामड्याची) काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडी ड्रमला नुसती टेकवून धरायची आणि ड्रम वरून बोटाने फिरवायचा. वर-खाली घासलंत तर हेडला रामराम. कापसाचे बोळे तर जवळही आणू नका, धागा अडकतो. काडीवर तपकिरी-काळी रेघ आली, नखाने खरवडली तर मेणासारखी. सफाईची कॅसेट मी मुद्दाम वापरली नाही. ती शेवटी पॉलिश पेपरच, दहा सेकंदांच्या वर चालवली की हेडचं आयुष्य खाते.

मग एका कंपनीची निळ्या डबीची टेप वीस मिनिटं, लगेच दुसरीची पांढऱ्या डबीची वीस मिनिटं, पुन्हा निळी. असं तीन संध्याकाळ. प्रत्येक कॅप्चर (टेपवरून संगणकात उतरवलेली प्रत) डीव्हीरेस्क्यू या सॉफ्टवेअरमधून काढलं, कारण तो सम आणि विषम ट्रॅकच्या चुका वेगळ्या मोजतो, त्यामुळे हेड तुंबायला लागलं की डोळ्यांना दिसायच्या आधी आकड्यांत दिसतं. काही नाही. दोन्ही बाजू स्वच्छ.

चौथ्या दिवशी हेड पुसून फक्त तेविसावी लावली. आधी कुठलीच दुसरी टेप नाही. नवव्या मिनिटाला काप! म्हणजे सरमिसळ बिचारी निर्दोष, ही एकच कॅसेट पावडर सोडतेय. तो आलेख पाहून मी खुर्चीतून उठून चक्क टाळी वाजवली. (एका कॅमेऱ्यावरची तीन संध्याकाळची चाचणी म्हणजे शास्त्र नव्हे, कबूल. नवीन चित्रण करत असाल तर एकच ब्रँड धरा, त्यात तोटा काही नाही. पण जुन्या पेटीत ज्या निघतील त्या टेपा चालवायच्या असतात, तिथे निवड कुठे असते?)

तेविसावी मग आठ-आठ मिनिटांच्या तुकड्यांत काढली, दर तुकड्यानंतर काडी. वेळखाऊ, पण एक तासाची टेप पूर्ण उतरली. सुमारे १३ जीबी, एकही काप नाही.

या नादात दुसरी गोष्ट उलगडली. चौदावी आणि सतरावीही मी ‘सरमिसळीचे बळी’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. जुनी कॅप्चर पुन्हा पाहिली. त्यांत पट्ट्या नाहीतच, सुटे चौकोन आहेत, तेही बहुतेक दोन्ही हेडच्या ट्रॅकवर सारखेच. दोन्ही टेपा एलपी, म्हणजे संथ वेगाने, जास्त वेळ मावेल अशा भरलेल्या! ट्रॅक ६.६७ मायक्रॉनचा, ज्या कॅमेऱ्याने लिहिला त्याच्या मापाचा. माझ्या कॅमेऱ्याचं माप केसभर वेगळं असलं तरी संपलं. तिथे कितीही अल्कोहोल ओता, उपयोग शून्य. एलपीवर चित्रण करून तीस मिनिटं वाचवणाऱ्याला काय म्हणावं? तो मीच होतो.

बेत असा होता की ‘सर्व्हिस केलेला, हेड नवे’ अशी जाहिरात असलेला आणखी एक कॅमेरा घ्यायचा. मागचा तसाच घेतला होता, त्यातल्या ड्रमवर मागच्या मालकाच्या बोटांचे ठसे होते. त्यापेक्षा तीन-तीन कॅप्चर घेऊन डीव्हीरेस्क्यूने जोडावीत, प्रत्येक वेळी चौकोन वेगळ्या जागी पडले तर बरंच भरून निघेल.

थांबा. हे लिहिताना सुचतंय: ज्या कॅमेऱ्याने त्या एलपी टेपा लिहिल्या तो माळ्यावर आहे. सेन्सर मेलाय, चित्र जांभळं येतं, म्हणून टाकून दिला होता. पण टेप वाचायला सेन्सर लागतो कुठे? व्हीसीआर मोड (नुसती टेप वाजवण्याचा) चालत असेल तर माप मुळातच जुळलेलं. संगणकाला जोडायची चार पिनांची फायरवायर केबल आहेच. दुसऱ्या कॅमेऱ्याची खरेदी स्थगित, तीन कॅप्चरही नंतर. आधी शिडी काढतो. पहिल्यांदा अर्थात रिकामी कॅसेट घालून बघणार, चौदावी गिळून बसला तर?