भंडारदऱ्यात ओमेगा सेंटॉरी: तंबू नाही, क्षितिज बघून जागा घ्या

‘पूर्ण अंधार’ म्हणून विकलेली तलावाकाठची तंबूची जागा ओमेगा सेंटॉरीसारख्या तारकागुच्छांच्या (दाटीवाटीने एकत्र असलेल्या असंख्य ताऱ्यांच्या) फोटोंसाठी कुचकामी निघाली. हॅलोजन रात्री एकपर्यंत चालू, आणि ते बंद करायचे माणशी २०० रुपये वेगळे! देऊ नका. दिवे विझले तरी उत्तरेला टेकाड आणि दक्षिणेला झाडी तशीच राहते.

इथला अक्षांश साडेएकोणीस. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून १९.५ अंशांवर, आणि ओमेगा सेंटॉरी चढून चढून २३ अंशांवर. जागा दोन्हीकडे मोकळी हवी. हात लांब करून दीड मुठीपेक्षा उंच काहीही दिसलं तर पुढे चला. माळ बघा, तंबू नाही. हे दिवसाउजेडी करायचं काम आहे.

ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) लावतानाही हाच अक्षांश छळतो. ध्रुवाकडे रोखायचा त्याचा अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काउंटरवेटचा (तोल साधणाऱ्या वजनाचा) दांडा उत्तरेकडच्या पायाला आदळतो. ट्रायपॉडचा एक पाय दक्षिणेला, दोन उत्तरेला ठेवा. दांडा मधल्या फटीतून जातो. धुरकटपणामुळे ध्रुव दिसलाच नाही, तर होकायंत्र चालतं: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्या आतच आहे. फक्त होकायंत्र लोखंडी वजनापासून लांब धरा. एक अंश चूक राहिली तरी १३५ मिमी लेन्सवर ३० सेकंदांत तारा जेमतेम पिक्सेलभर सरकतो.

१५ मेच्या सुमारास ओमेगा रात्री साडेदहाला सर्वात उंच असतो (रोज ४ मिनिटं लवकर). चित्रा नक्षत्राच्या ताऱ्यापासून सरळ खाली दक्षिणेला ३६ अंश उतरा, धूसर ठिपका सापडतो. एफ/४, आयएसओ ८००, ३० सेकंदांच्या ६० फ्रेम. शिवाय ५ सेकंदांच्या २०, नाहीतर गाभा पांढराफटक होतो. इतक्या खाली हवेमुळे ताऱ्यांना वर निळी, खाली लाल कड येते. नंतर फोटोवर काम करताना लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे जुळवा.

त्याच रात्री बाकीचे गुच्छ (‘एम’ म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक): एम ५ सर्वात उंच साडेबाराच्या सुमारास. एम ४ ज्येष्ठाच्या शेजारीच, दीडला; विरळ आहे, आठ इंची दुर्बिणीत १०० पटीला तारे सुटे होतात. एम १३ चं कौतुक जरा जास्तच होतं. इथून एम २२ सरस: पावणेचारला ४६ अंशांवर येतो, आणि पहाट फुटेपर्यंत तासभर मिळतो.

मेअखेर टाळा. काजवे बघायला येणाऱ्यांच्या गर्दीत गाड्यांचे हेडलाइट रात्रभर थांबत नाहीत.