मार्नच्या काठाकाठाने

पॅरिसचं डिस्नीलँड बघायला आपली मंडळी ज्या स्टेशनवर उतरतात, त्याचं नाव मार्न-ला-व्हाले–शेसी. यातली मार्न ही नदी आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. घरच्यांना मिकीच्या हवाली करून मी दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या गार द लेस्टहून पूर्वेची गाडी धरली.

लांग्रच्या पठारावर उगम पावून 514 किलोमीटर वाहणारी ही नदी रोमन काळात मात्रोना, म्हणजे 'आई' होती. तिचं नाव मिरवणारे जिल्हेच चार: मार्न, ओत-मार्न, सीन-ए-मार्न, व्हाल-द-मार्न. 'सुर-मार्न', म्हणजे 'मार्नकाठचं', अशा शेपटाची गावं तर स्टेशनागणिक.

मो शहराच्या आसपास 1914 च्या सप्टेंबरात मार्नची पहिली लढाई पेटली. पॅरिसच्या सुमारे 600 टॅक्सींनी सैनिक आघाडीवर नेले आणि सरकारने त्यांचं भाडंही चुकतं केलं, सुमारे 70 हजार फ्रँक! रिक्षाच्या मीटरवरून रोज हुज्जत घालणाऱ्या पुणेकराला लढाईपेक्षा हेच जास्त लक्षात राहतं.

शातो-तिएरीला उतरलो ते फ्रेंच बोधकथाकार ला फोंतेनसाठी. 1621 साली तो इथे जन्मला. त्याच्या बोधकथांतल्या बऱ्याचशा 'पिल्पे' या भारतीय ऋषीकडून आल्याचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय; म्हणजे आपल्या पंचतंत्राचंच ऋण. परदेशात ओळखीचं कुणी भेटावं, तसं झालं.

पुढे एपर्नेपर्यंत नदी रुळांची सोबत सोडत नाही. उतारांवर कमरेएवढ्या द्राक्षवेलींच्या रांगा, तारांना नीट बांधलेल्या. या खोऱ्यात म्यूनिए जातीची काळी द्राक्षं जास्त. हिला अंकुर उशिरा फुटतात, त्यामुळे वसंतातल्या हिमकडाक्यातून ती वाचते. रस मात्र फिका, त्याचीच शॅम्पेन होते.

या शॅम्पेनपायी शालाँ शहराने नदीशी बेइमानी केली, असं माझं मत. शालाँ-सुर-मार्न हे जुनं नाव टाकून 1990 च्या दशकात ते शालाँ-आँ-शाँपान्य, म्हणजे 'शॅम्पेन प्रांतातलं शालाँ' झालं. मार्न जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, आणि नावात मार्न नाही! बाटलीचा खप नदीपेक्षा जास्त, दुसरं काय.

परतताना पॅरिसजवळ अल्फोरव्हिलला, मार्न जिथे सीनला मिळते त्या संगमावर गेलो. दोन नद्यांच्या बेचक्यात चिनी धाटणीचं, वळलेल्या छपरांचं मोठं हॉटेल उभं आहे. फ्रान्समध्ये हे काय, असं वाटतंच. इथवर मार्न सीनपेक्षा लांबून आलेली असते, पण पुढे नाव सीनचंच. भीमेचंही कृष्णेपुढे तेच होतं. गळ टाकून बसलेल्या एका आजोबांना मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, "यातली सीन कुठली?" त्यांनी मान न वळवताच डावीकडे अंगठा दाखवला. "ती पॅरिसवाल्यांची. मासे इकडे आहेत."