स्वप्नातल्या लेन्सचं वजन

स्वप्नातल्या लेन्सला वजन नसतं. डोळे मिटले की ती आपोआप कॅमेऱ्याला लागलेली असते, गरुड हव्या त्या फांदीवर हव्या त्या कोनात बसलेला असतो आणि मागचं रान नितळ हिरवं झालेलं असतं. ती पेटी तिथवर कोणी उचलून आणली, पावसाची सर आली तेव्हा काय केलं, हा तपशील स्वप्न कटाक्षाने गाळतं.

कॅननची १२०० मिलिमीटर एफ ५.६ ही लेन्स १९९३ साली आली. वजन साडेसोळा किलो, लांबी पाऊण मीटरहून जास्त, आणि मागणी नोंदवल्याशिवाय बनवतच नसत. एवढं धूड कशापायी, याचं उत्तर तिच्या नावातच आहे. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ (इथे १२०० मिलिमीटर; ती जितकी जास्त, तितकं दूरचं मोठं दिसतं) भागिले उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा व्यास. १२०० ला ५.६ ने भागा, २१४ मिलिमीटर येतात. म्हणजे पुढचं भिंग ताटलीएवढं हवंच, त्यात घासाघीस नाही. एफचा आकडा तोच ठेवून फोकल लेंग्थ दुप्पट केली की व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट आणि काचेचं आकारमान साधारण आठपट होतं. किंमत त्याच्याही पुढे पळते, कारण एवढ्या मोठ्या काचेत एक बुडबुडा, एक रेघ किंवा आत राहिलेला थोडासा ताणही चालत नाही.

त्यातली दोन भिंगं तर काचेची नाहीतच, फ्लोराइट या खनिजाच्या स्फटिकाची आहेत. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये निळा आणि लाल प्रकाश एका बिंदूवर यायला तयार नसतात. पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी किनार दिसते ती त्यामुळे. फ्लोराइट हे भांडण जवळजवळ मिटवतं. पण त्याचा निर्दोष स्फटिक भट्टीत अगदी सावकाश वाढवावा लागतो, तो मऊ असल्याने घासताना जपावं लागतं आणि उष्णतेने तो काचेपेक्षा जास्त फुगतो. या लेन्सा पांढऱ्या रंगवतात त्या रुबाबासाठी नव्हे, उन्हात कमी तापाव्यात म्हणून. (रुबाब आपसूक मिळतो, त्याबद्दल तक्रार कोणी करत नाही.) तापमानाबरोबर फोकस सरकतो, म्हणून फोकसची रिंग अनंताच्या (म्हणजे फार दूरच्या वस्तूंच्या) खुणेच्याही थोडी पुढे जाऊ देतात. चंद्राचा फोटो काढताना रिंग शेवटपर्यंत फिरवून निर्धास्त होणारे इथेच फसतात.

चंद्रावरून आठवलं: १२०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर ११ मिलिमीटरची पडते. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर, म्हणजे अर्धी चौकटही भरत नाही. एवढं सगळं उचलून आणल्यावर हा हिशेब जरा मनाला लागतो.

आणि मध्ये हवा असते. तापलेल्या जमिनीवरून दुपारी दूरचं काही टिपलं, तर जगातली उत्तमोत्तम लेन्सही लुकलुकणारी, पिठूळ प्रतिमा देते. मग दोष ऑटोफोकसवर जातो, लेन्स दुरुस्तीला जाते आणि ‘काही बिघाड नाही’ असा शेरा घेऊन परत येते. यावर मोठी लेन्स हा इलाज नव्हे. सकाळी लवकर जावं, जमिनीलगतच्या हवेतून न बघता थोडं उंचावरून बघावं, आणि जमेल तेवढं जवळ जावं. अनुभवी लोकांनाही चकवणारा प्रकार वेगळाच असतो. उबदार गाडीतून काढलेली लेन्स थंडीत उभी केली की तिच्या लांबलचक हूडमध्ये (तिरका उजेड अडवणाऱ्या पुढच्या नळकांड्यात) गरम आणि गार हवा घुसळत राहते. मृगजळ लेन्सच्याच तोंडाशी तयार होतं. अर्धा तास थांबावं, किंवा तोवर हूड काढून ठेवावा.

अशी लेन्स ट्रायपॉडवर चढवायची तर गिंबल हेड, म्हणजे लेन्स तोलून टांगणारा, सगळीकडे फिरणारा सांधा लागतो, आणि तो नीट जुळवल्याशिवाय पैसे पाण्यात. आधी कॅमेरा, हूड, टेलिकन्व्हर्टर (फोकल लेंग्थ वाढवणारा मधला जोड), जे वापरायचं ते सगळं जोडून घ्यायचं. एक हात लेन्सखाली ठेवूनच वरची खिट्टी ढिली करायची. मग लेन्सचा पाय (तिच्या खालची धरायची पट्टी) हेडच्या क्लॅम्पमध्ये मागेपुढे सरकवत आडवी लेन्स आपणहून आडवी राहील अशी जागा शोधायची. त्यानंतर लेन्स ४५ अंशांत वर करून हात सोडायचा. ती पुन्हा आडवी झाली तर टांगणी फार खाली आहे, आणखी वर कलंडली तर फार उंच. सोडली तिथेच थांबली की जमलं. मग साडेतीन किलोची लेन्सही एका बोटाने फिरते. कॅमेरा लेन्सला जोडतात, लेन्स कॅमेऱ्याला नव्हे, आणि उचलायची ती पायाने. कॅमेऱ्याला धरून उचललं की सगळा भार माउंटच्या, म्हणजे कॅमेरा-लेन्स जोडणाऱ्या कड्याच्या स्क्रूंवर येतो.

काही जण वजनाला कंटाळून दुसऱ्या टोकाला, छोट्या पण खूप उजेड घेणाऱ्या लेन्सकडे जातात. लायकाची नॉक्टिलक्स ५० मिलिमीटर एफ ०.९५ मुठीत मावते, वजन ७०० ग्रॅम. १९६६ सालच्या पहिल्या एफ १.२ नॉक्टिलक्समध्ये दोन अगोलीय (गोलाचा भाग नसलेल्या वळणाचे) पृष्ठभाग हाताने घासून केलेले होते. त्या लेन्सचा दबदबा अजून ओसरलेला नाही. पण ०.९५ ला एक मीटरवर फोकसमध्ये काय राहतं? जेमतेम दोन सेंटिमीटर. पापण्या स्पष्ट, कान धूसर. आता रेंजफाइंडरचा, म्हणजे लायकात दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा चौकोन असतो मधोमध. डोळ्यावर फोकस करायचा आणि चौकट जुळवायला कॅमेरा १५ अंश वळवायचा, ही पिढीजात सवय. तेवढ्या वळणात फोकसचं प्रतल डोळ्याच्या सुमारे ३४ मिलिमीटर मागे जातं. डोळ्यामागचा भाग लख्ख दिसतो आणि डोळा हुकतो. दहा अंशांतसुद्धा १५ मिलिमीटर जातात. उपाय दोनच: चौकट आधी ठरवून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमधून थेट डोळ्यावर फोकस करणं, नाहीतर कॅमेरा वळवल्यावर स्वतः किंचित मागे झुकणं.

दिवसा तर आणखी गंमत. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० वर ०.९५ उघडं ठेवायचं तर शटर सेकंदाचा सुमारे २८,०००वा भाग हवा. मेकॅनिकल शटर ४,०००व्या भागाशी थांबत असेल, तर जवळजवळ तीन स्टॉप उजेड जास्त होतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). म्हणून तीन स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा करडा फिल्टर लावायचा. अंधारासाठी जन्मलेल्या लेन्सला काळा चष्मा!

याच्याही पलीकडे झाइसची ५० मिलिमीटर एफ ०.७ आहे. नासाच्या चांद्रमोहिमांसाठी १९६६ साली अशा १० बनवल्या, त्यातल्या ३ दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक यांनी मेणबत्तीच्या उजेडातल्या चित्रीकरणासाठी मिळवल्या. तिचं मागचं भिंग फिल्मच्या इतकं जवळ यायचं, की लेन्स बसवण्यासाठी कॅमेऱ्यातच फेरफार करून घ्यावे लागले.

मेगापिक्सेलचं स्वप्न बघणाऱ्यांसाठी १५१ मेगापिक्सेलची फेज वन आयक्यू ४ ही कॅमेऱ्याची डिजिटल पाठ आहे, सेन्सर ५३.४ बाय ४० मिलिमीटरचा. एक फोटो १६ बिट टिफ (न दाबलेली फाइल) म्हणून साठवला की ९०० एमबी. पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, एफ १६ ला मात्र विवर्तनाचा (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा) ठिपका २१ मायक्रॉनपर्यंत पसरतो, म्हणजे पाचाहून जास्त पिक्सेल झाकतो. निसर्गचित्र एफ १६ ला काढायची सवय इथे मेगापिक्सेल परत करून टाकते. एफ ८ च्या आसपास राहायचं आणि फोकस थोडा थोडा सरकवत चार-सहा फोटो घेऊन ते जोडायचे, हा शहाणपणाचा रस्ता. वारा सुटला की तोही बंद, कारण प्रत्येक फोटोत पानं वेगळ्या जागी असतात.

साठवण साधी आहे, पण चुकायची नाही. आर्द्रता ४० ते ५० टक्के. ६० च्या वर आठवडेच्या आठवडे राहिली, तर बुरशी भिंगावर धागे पसरते आणि कोटिंग, म्हणजे भिंगावरचा चमक रोखणारा पातळ थर खाते. बुरशी पुसता येते, कोटिंग परत येत नाही. चामड्याची देखणी पेटी म्हणजे ओल धरून ठेवायची जागा.

उरला जुन्या लेन्सचा मार्ग, स्वप्न थोडं स्वस्तात पाडायचा. टॉर्च तिरका धरून आत बघतात, तेवढ्यावर भागत नाही. मागच्या बाजूच्या खाचेत फिल्टरची चौकट आहे का ते बघावं. बऱ्याच सुपरटेलींमध्ये (अशा फार लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये) तिथली साधी काच प्रकाशमार्गाचाच भाग असते, ती नसेल तर फोकस सरकतो आणि उघड्या खाचेतून उजेड नि धूळ आत जाते. सर्वात महत्त्वाचं म्हणजे चालू कॅमेरा लावून बघावं. काही जुन्या ऑटोफोकस सुपरटेलींत मॅन्युअल फोकसची रिंगसुद्धा मोटरमार्फतच भिंगं हलवते. मोटर मेलेली असली तरी रिंग हाताला गुळगुळीत, मखमली फिरत राहते. आत मात्र काहीच हलत नाही, आणि त्या मोटरचे सुटे भाग बनणं कधीच थांबलेलं असू शकतं.