ड्रॉइंगवर जे लिहिले नव्हते ते: एक छोटी क्लिप चीनमध्ये बनवून घेताना

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वडील काठी घेऊन चालू लागले, तेव्हा काठीची खरी अडचण चालताना नसून थांबल्यावर असते हे माझ्या लक्षात आले. जेवणाच्या टेबलाला, बेसिनला किंवा बँकेच्या काउंटरला टेकवून ठेवलेली काठी घसरून पडते आणि ज्याला वाकणे सर्वांत अवघड आहे त्यालाच ती उचलावी लागते. "अगं, ही पडली की मी उभा राहू की वाकू?" हा वडिलांचा प्रश्न मी महिनाभर रोज ऐकत होते. काठीच्या दांड्यावर घट्ट बसेल आणि टेबलाच्या कडेवर न घसरता टेकून राहील अशी क्लिप करायची, आतून कठीण प्लास्टिक आणि वर रबरासारखा मऊ थर, एवढी कल्पना २०२३ च्या उन्हाळ्यात पक्की झाली. वाहनांच्या सुट्या भागांच्या गुणवत्ता विभागात मी चौदा वर्षे काम केलेले असल्यामुळे ड्रॉइंग कसे वाचायचे ते मला येत होते; ते परक्या कारखान्यासाठी कसे लिहायचे ते मात्र शिकायचे होते.

पहिले नमुने थ्रीडी प्रिंटरवर केले. ते थरांच्या रेषेवर तुटत, पण माप ठरवण्यापुरते पुरेसे होते. आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्हर्नियर घेऊन बसले आणि चौतीस काठ्या मोजल्या. सर्वांत बारीक दांडा १७.५ मिलिमीटरचा होता, सर्वांत जाड २५.४ मिलिमीटरचा. क्लिप मात्र तेव्हा कोणालाही दाखवली नाही, कारण डिझाइन नोंदणीचा अर्ज करण्यापूर्वी वस्तू लोकांसमोर आली तर डिझाइनचे नावीन्य संपते. डिझाइन कायदा, २००० नुसार नोंदणीचे संरक्षण दहा वर्षे मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. भारतातल्या अर्जाच्या तारखेचा आधार घेऊन परदेशात अर्ज करायचा असेल तर सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अर्जाची पावती हातात आल्यावरच मी संघात क्लिप नेली.

हे पुण्यातच का बनवले नाही, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो आणि तो योग्यच आहे. भोसरीत मी साचे बनवणाऱ्या पाच टूलरूम फिरले. कौशल्याची तिथे कमतरता नाही. पण कठीण प्लास्टिकवर मऊ थर चढवायचा म्हणजे दोन साचे लागतात, आणि तीन हजार नगांच्या मागणीसाठी वाहन उद्योगाच्या कामात गुंतलेली यंत्रे मोकळी करणे त्यांना परवडत नव्हते. त्यांच्यापैकीच एका वयस्कर टूलमेकर काकांनी माझे ड्रॉइंग अर्धा तास पाहून जे सांगितले ते पुढे सर्वांत उपयोगी पडले. "काठी बसते ती फट आधी सैल ठेवा. साच्यातले पोलाद कापून ती नंतर आवळता येते. आधीच घट्ट केलीत तर साच्यात पोलाद भरावे लागेल, आणि ते काम चांगले होत नाही." मी फट ०.४ मिलिमीटरने वाढवली.

ग्वांगडोंग प्रांतातल्या डोंगग्वान शहरातला एक मध्यम आकाराचा कारखाना दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर ठरला. त्यांच्या व्यवसाय परवान्यावरचे चिनी लिपीतले नाव, अठरा अक्षरी नोंदणी क्रमांक, करारावरच्या गोल लाल शिक्क्यातले नाव आणि बँक खात्याचे नाव या चारही गोष्टी जुळतात की नाही हे मी तपासून घेतले. करार वकिलांच्या सल्ल्याने चिनी भाषेत आणि तिथल्याच न्यायालयाच्या अधिकारात केला, कारण भारतीय निकाल तिथे बजावून घेण्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, असे त्यांचे स्पष्ट मत होते. साचे माझ्या मालकीचे असल्याचे कलम त्यात घातले आणि साच्यावर माझ्या फर्मच्या नावाची पट्टी बसवलेला फोटोही मागवून घेतला. साच्याची रक्कम तीन टप्प्यांत, आणि मालाची ३० टक्के आगाऊ व उरलेली ७० टक्के तपासणीनंतर, असे ठरले. आयात-निर्यात कोड मी आधीच काढून ठेवला होता, नाहीतर बँकेत पहिलीच रक्कम अडली असती.

डिसेंबरात साच्यांची मागणी दिली. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, त्यामुळे पुण्यात दहा वाजता उघडलेली शंका तिथे जेवणाच्या सुट्टीत पोचते. मी सकाळी साडेआठला लिहायला बसू लागले. जानेवारीअखेर पहिले नमुने यायचे होते, ते लांबले. २०२४ मध्ये चिनी नववर्ष १० फेब्रुवारीला होते आणि त्याच्या आधीपासून कामगार गावी जाऊ लागतात. कारखाना पूर्ण जोमाने सुरू व्हायला मार्च उजाडला. हे कॅलेंडरवर आधीच दिसत होते; मी ते वेळापत्रकात धरायला हवे होते.

मार्चमध्ये आलेले दहा नमुने दिसायला सुंदर होते. मापे बरोबर, फट सैल, म्हणजे आवळण्यास जागा होती. एक क्लिप वडिलांच्या काठीवर लावली. आठव्या दिवशी चहा पिताना त्यांनी अंगठ्याचे नख मऊ थराच्या कोपऱ्याखाली घातले आणि तो थर केळ्याच्या सालीसारखा सोलून माझ्या हातात दिला. खालचे प्लास्टिक अगदी स्वच्छ होते, रबराचा एक कणही त्याला चिकटलेला नव्हता.

कारण शोधायला मला चार दिवस लागले. आतला भाग एबीएस या कठीण प्लास्टिकचा होता आणि वरचा टीपीई या रबरासारख्या मऊ प्लास्टिकचा. टीपीई हे एका पदार्थाचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. त्यातले नेहमीचे प्रकार पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकला वितळून घट्ट धरतात, पण एबीएसला धरत नाहीत. एबीएससाठी खास तयार केलेले प्रकार वेगळे असतात. माझ्या ड्रॉइंगवर फक्त "टीपीई, काळा, कडकपणा ६० शोअर ए" एवढेच लिहिलेले होते. कारखान्याने त्यांच्याकडे साठा असलेला टीपीई वापरला, तो ६० शोअर ए होता, तो काळा होता. त्यांनी माझी एकही ओळ मोडली नव्हती. परदेशी कारखाने मागितले ते देत नाहीत अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली होती. माझ्या बाबतीत त्यांनी नेमके मागितले तेच दिले होते, आणि जे मी लिहिले नव्हते ते त्यांनी त्यांच्या सोयीने ठरवले होते.

मग ड्रॉइंग एका पानाचे चार पानांचे झाले. कच्च्या मालाचा उत्पादक आणि ग्रेड क्रमांक लिहिला, आणि लेखी परवानगीशिवाय बदल करू नये असे नमूद केले. केवळ चिकटण्यावर विसंबायचे नाही म्हणून आतल्या भागाला सहा आरपार भोके दिली. मऊ थर त्यांतून वाहून पलीकडे बटणासारखा अडकतो. त्यासाठी पहिल्या साच्यात नव्या पिना बसवाव्या लागल्या आणि त्या खर्चाचा निम्मा भाग मी उचलला. ५० अंश तापमानात २४ तास ठेवल्यावर कोपरा पकडीने ओढला तरी थर सुटता कामा नये, ही चाचणीही मी लिहून दिली. मंजूर झालेल्या नमुन्यांपैकी एक सही-शिक्क्यासह कारखान्याकडे ठेवला, एक माझ्याकडे.

जूनमध्ये तीन हजार नग तयार झाले. तपासणीसाठी त्रयस्थ निरीक्षक पाठवला. नमुना तपासणीच्या आयएसओ २८५९-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एवढ्या मालातून १२५ नग यादृच्छिक पद्धतीने काढायचे असतात, आणि मोठ्या दोषांसाठी स्वीकार्य मर्यादा (एक्यूएल) २.५ टक्के धरली तर सातपर्यंत दोषी नग चालतात, आठव्याला माल नाकारला जातो. आमच्या मालात अकरा निघाले. मऊ थराचा पातळ पापुद्रा फटीत राहून गेला होता. ७० टक्के रक्कम अजून माझ्याकडे होती म्हणून बोलणे सोपे गेले. त्यांनी सगळा माल पुन्हा निवडला, आणि दुसऱ्या तपासणीत तीन निघाले.

वाहतुकीच्या बाबतीत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. कारखान्याने भाड्यासकट दिलेला दर फारच कमी होता, पण अर्ध्या कंटेनरपेक्षाही कमी माल असला की असे स्वस्त भाडे न्हावा शेवाला उतरल्यावर स्थानिक आकारांतून वसूल होते. मी एफओबी यांतियान, म्हणजे चीनमधल्या यांतियान बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा, दर घेतला आणि पुढची वाहतूक पाहणारा पुण्यातला फॉरवर्डर स्वतः नेमला. आयात शुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार आणि या सगळ्यावर आयजीएसटी हा हिशेब कस्टम एजंटाकडून मागणी देण्यापूर्वीच करून घेतला होता. आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा देश आणि ग्राहक सेवा क्रमांक ही लेबले कारखान्यातच लावून आली.

जुलैच्या पावसात टेम्पोतून खोकी उतरली तेव्हा मी पहिल्या खोक्यातले तीस नग विक्रीतून बाजूला काढले. ते माळ्यावर पत्र्याखाली ठेवले आहेत, जिथे एप्रिल-मे महिन्यांत सर्वांत जास्त तापते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यातला एक खाली आणते, वडील त्याच्या कोपऱ्याखाली नख घालून पाहतात, आणि मी तारीख लिहून ठेवते.