तिकडे नाही, त्याच्या डावीकडे

पक्षी दिसणं ही एक गोष्ट आणि तो शेजारच्या माणसाला दाखवणं ही अगदीच वेगळी. दिसायला डोळे पुरतात. दाखवायला भूमिती लागते, चिकाटी लागते आणि ऐकणाऱ्याच्या अंगी बऱ्यापैकी सोशिकपणा असावा लागतो.

शरद ऋतू सरत आला, पहाटेच्या हवेला किंचित धार आली, की मी आणि माझी मैत्रीण दुर्बिणी गळ्यात अडकवून माळाच्या आणि तळ्याच्या वाऱ्या सुरू करतो. पक्षी बघणारी माणसं म्हणजे तासन्‌तास मौन पाळून निसर्गाशी एकरूप झालेली, असा लोकांचा समज असतो. आमच्या मागून कुणी चालत आलं तर त्याला साधारण हे ऐकू येईल:

"तो बघ."

"कुठे?"

"अगं, तो काय, बाभळीवर."

"कुठल्या बाभळीवर?"

"त्या बुटक्या."

"सगळ्याच बुटक्या आहेत."

"बरं, ती वाळकी फांदी दिसते? तिकडे नाही, त्याच्या डावीकडे. आता खाली ये... गेला."

आमचे कितीतरी संवाद या 'गेला'पाशी संपतात. तो उच्चारताना दाखवणारीच्या आवाजात दुःख कमी आणि सुटकेचा सूर जास्त असतो, असं माझं निरीक्षण आहे. बघणारीला मात्र शंका येत राहते, की तिथे मुळात काही होतं का.

यावर उपाय म्हणून पक्षीनिरीक्षकांनी झाडाचं घड्याळ केलं आहे. शेंड्याला बारा, बुंध्याला सहा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. 'साडेदहाला, जरा आत, खाटीक' एवढं म्हटलं की काम झालं. म्हणजे झाड डेरेदार असेल तर. आमच्या माळावरच्या बाभळींचे आधीच बारा वाजलेले; त्यांच्यात साडेदहा कुठे शोधायचे? तरी मैत्रीण घड्याळाला चिकटून आहे. मी कथेकरी. 'ती फांदी आधी वर जाते, मग विचार बदलून आडवी होते, तिथे एक सुकलेली शेंग लोंबतेय, तिच्या मागे' असं माझं चालतं. माझं कथानक रंगात येईपर्यंत पक्षी पुढच्या गावी पोचलेला असतो, हा तिचा आक्षेप. अर्थातच तो मला मान्य नाही.

बऱ्याच वादांनंतर एक क्रम मात्र ठरला आहे. आधी अंतर सांगायचं, मग जमिनीवरची एखादी ठळक खूण, मग उंची आणि पक्ष्याचं नाव अगदी शेवटी. नाव आधी सांगितलं की ऐकणारी खुणा ऐकायच्या सोडून ते नाव शोधत सुटते. 'नीलकंठ' हा शब्द कानावर पडताच डोळ्यांना आभाळभर निळं दिसायला लागतं. शिवाय हात लांब करून बोट दाखवायचं नाही. माळावरच्या पक्ष्यांना हळू आवाजातलं बोलणं एक वेळ चालतं, पण अचानक उगारलेला हात चालत नाही.

दुर्बिणीची अडचण आणखी वेगळी. आमच्या दोघींच्या दुर्बिणी ८ बाय ४२ च्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणाऱ्या आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेल्या. अशा दुर्बिणीतून १००० मीटरवर साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण तोच हिशेब २० मीटरवरच्या झाडाला लावला तर हाती येतो जेमतेम अडीच मीटरचा तुकडा. त्यात पानं, काटे, फांद्या सगळं आठपट. नवखा माणूस मान खाली घालून दुर्बीण शोधतो, डोळ्यांना लावतो आणि मग झाडभर हिंडत बसतो. खरं तर नजर पक्ष्यावरून हलवायची नाही; दुर्बीण तशीच वर आणून नजरेच्या वाटेत धरायची. वाचायला सोपं आहे. हातात बसायला वेळ लागतो.

हे सगळं वसंतात त्यामानाने सुखाचं असतं. नर ठळक फांदीवर बसून घसा ताणून गात असतात. दाखवण्याचं निम्मं काम तेच करतात. शरदाच्या अखेरीला सगळंच उलटं. वीण आटोपलेली, हद्दीची भांडणं मिटलेली, त्यामुळे बहुतेकांचं गाणं बंद. उरतात ते एका अक्षराचे तुटक आवाज, 'मी इथे आहे, तू आहेस ना' एवढ्यापुरते. त्यात यंदा जन्मलेली पिल्लं, जी ना धड आईसारखी ना बापासारखी.

रंगांचीही तीच तऱ्हा. यासाठी कुठला दुर्मीळ पाहुणा नको, घराजवळचा चिमणा बघा. शरदात पिसं गळून नवी येतात, तेव्हा त्याच्या गळ्याखालचा काळा डाग अंधुक, धुरकट दिसतो. काळा रंग असतोच, पण प्रत्येक नव्या पिसाचं टोक फिकं राखाडी असतं आणि ती टोकं काळ्यावर पसरलेली असतात. हिवाळाभर ती झिजत जातात आणि विणीच्या हंगामाच्या तोंडावर खालचा गडद काळा उघडा पडतो. म्हणजे पिसं नवी तेव्हा चिमणा मळका आणि पिसं झिजली की देखणा! ही व्यवस्था माणसांत असती तर बरं झालं असतं, असं मैत्रीण परवा आरशासमोर म्हणाली.

बदकांचा प्रकार याहून टोकाचा. विणीनंतर नर आपले भडक रंग टाकून मादीसारखे तपकिरी होतात आणि पंखांतली उडायची पिसं एकदमच गळाल्यामुळे काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. पाण्यात लपून दिवस काढण्यासाठी हा वेष बरा. आपल्याला ती दिसतात तोवर पंख परत आलेले असतात, पण रंगांचं काम काहींचं अर्धवट असतं. थापट्या या बाबतीत सगळ्यांत संथ. थंडी पडली तरी डोकं थोडं हिरवं थोडं तपकिरी, छाती खवल्याखवल्यांची, अशा अवतारात नर तळ्यावर फिरत असतात. ओळख पटते ती फक्त पुढे रुंद होत गेलेल्या त्या अवाढव्य चोचीवरून. ॲरिस्टॉटलला वाटायचं, की थिरथिरा हिवाळ्यात रॉबिन होतो, म्हणजे एका जातीचा पक्षी ऋतू पालटला की दुसऱ्या जातीचा बनतो. शाळेत यावर हसू आलं असतं. शरदातल्या तळ्याकाठी उभं राहिलं की त्या माणसाची अडचण समजते.

तळ्याकाठी आमची कामाची वाटणी आपोआप झाली आहे. कान तिचे, लांबची नजर माझी. चिखलाच्या कडेने एक लहानसा तपकिरी पक्षी तुरुतुरु चालतो, थांबतो, शेपटीकडचा भाग वरखाली हलवतो, पुन्हा चालतो. पंखाचा वळसा आणि छातीचा तपकिरी रंग यांच्यामधून पांढऱ्याची एक पाचर वर घुसलेली. ती दिसली की साधा तुतवार, प्रश्न मिटला. पण त्याच्याचसारखा दुसरा, पाठीवर अधिक गडद, आमची चाहूल लागताच जोरात ओरडत उठतो, तेव्हा मला दिसतं ते उघड पांढरं ढुंगण आणि काळसर पंखतळ आणि तिला ऐकू येतो तो वर चढत जाणारा चिरका आवाज. मी म्हणते "हिरवा तुतवार", तीही त्याच क्षणी "हिरवा तुतवार". दोन वेगळ्या रस्त्यांनी एकाच नावावर पोचण्यात जी मजा आहे, तिच्यासाठी मी पहाटे चारचा गजर सहन करते.

कानांचं महत्त्व सांगायला मला अठराव्या शतकातले एक इंग्रज पाद्री फार उपयोगी पडतात. गिल्बर्ट व्हाइट त्यांचं नाव. पानांत हिंडणारे चिमुकले हिरवट वटवटे तेव्हा सगळे एकच समजले जात. या गृहस्थांनी नुसतं कान देऊन ते तीन निरनिराळ्या जातींचे असल्याचं सांगितलं. हातात धरूनही जे ओळखू येईना, ते झाडाखाली उभं राहून कळलं. आता फोनमधली मर्लिनसारखी ॲप आवाज ऐकून नाव सांगतात आणि बऱ्याचदा बरोबर सांगतात. आम्हीही वापरतो, पण आधी दोघींनी आपापला अंदाज मोठ्याने बोलून दाखवल्यावर. नाही तर भांडायला उरतं काय? कॅमेरा मात्र दोघीही नेत नाही. पक्षी समोर असताना छोट्या पडद्यावर वाकून त्याच पक्ष्याचा फोटो मोठा करणारी माणसं बघितली की मला पडद्याचाच राग येतो.

या मोसमातल्या पाहुण्यांपैकी काहींचा प्रवास ऐकला तर आपली पहाटेची उठाठेव बोलायच्या लायकीची राहत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाणटिवळ्यांच्या कुळातला, इंग्रजीत गॉडविट म्हणतात तो एक पक्षी अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता टास्मानियाला पोचला. पाठीवर बसवलेल्या यंत्राने नोंदवलेलं अंतर १३,५६० किलोमीटर, वेळ ११ दिवस. आणि वय पाच महिने! या जातीतले मोठे पक्षी आधी निघून जातात, पिल्लं मागाहून आपली आपण निघतात. रस्ता दाखवणारं कुणी नाही.

दुसऱ्या टोकाला टकले आयबिस, म्हणजे आपल्या शराटीचे युरोपातले भाऊबंद. माणसांनी वाढवलेल्या १४ तरुण पक्ष्यांना छोट्या विमानामागून स्थलांतराची वाट शिकवली जात होती आणि त्यांच्या अंगावर नोंदी घेणारी यंत्रं होती. इंग्रजी व्हीच्या आकारात उडताना पुढच्याच्या पंखांमुळे उसळणाऱ्या हवेचा मागच्याला फायदा होतो आणि पुढच्याला मात्र सगळा भार पेलावा लागतो. मग पुढे राहायचं कुणी? २०१५ साली जे प्रसिद्ध झालं त्यानुसार, ते जोडीजोडीने पाळी बदलत होते. जितका वेळ एक पुढे, जवळजवळ तितकाच वेळ दुसरा. हे मी मैत्रिणीला मोठ्या भावुकपणे सांगितलं. ती म्हणाली, "मग परतीला गाडी तू चालव."

तिला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. १८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावात मॉर्टेनसेन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या कुळातल्या १६५ पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची क्रमांक घातलेली कडी चढवली आणि त्यांना सोडून दिलं. पक्षी पुन्हा कुठे कुणाला सापडला तर ओळखता यावा म्हणून कडी घालण्याचं, पुढे जगभर पसरलेलं काम तिथून पद्धतशीरपणे सुरू झालं. मैत्रिणीचं म्हणणं, तोही आपल्यासारखाच 'तो बघ' म्हणत होता. फक्त समोर कोण आहे, ते कधी बघणार आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि पत्ता अंकांत लिहिल्यामुळे, ती न चुकता जोडते, त्याला सुकलेल्या शेंगांची मदत घ्यावी लागली नाही.

एकटीने गेलं की मला पक्षी जास्त दिसतात, हे खरं. चाल हळू होते, तोंड बंद राहतं. पण भोवत्या दिसला की मान आपसूक बाजूला वळते. भोवत्या म्हणजे गवताचा शिकारी. किल्ली हरवलेल्या माणसासारखा तो सगळा माळ पट्ट्यापट्ट्याने, गवताला पोट लागेल इतक्या खालून धुंडाळत जातो. पंख पाठीवर किंचित उचललेले, दोन-चार सावकाश फटके, मग तरंगणं, मग एकदम जागच्या जागी कलाटणी. चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची तबकडी असते आणि ती गवतातली खसखस कानांकडे वळवते. नर फिकट राखाडी, एका नजरेत ओळखू येणारे. माद्या आणि पिल्लं मात्र तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, आणि पांढुरका भोवत्या की मोंटेग्यूचा, हे ठरवताना भलेभले चाचरतात. मानेभोवतीची फिकी कॉलर नीट दिसली तर पांढुरक्याकडे झुकायचं. ती दिसायला ऊन पाठीमागून हवं आणि पक्ष्याने क्षणभर मान वळवायला हवी.

मागच्या फेरीत मावळतीच्या उन्हात एक आला. बांधाच्या पलीकडून वर चढला, आमच्या समोरून आडवा गेला, मान वळवली. मला कॉलर दिसली. अगदी स्वच्छ. तिच्या दुर्बिणीत त्या वेळी बांधावरचं घायपात होतं, कारण मी 'तो बघ' एवढंच ओरडले होते, अंतर नाही, खूण नाही, घड्याळ नाही.

निरीक्षणांची यादी आम्ही ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो. तिथे किती जणांनी मिळून पाहिलं हा आकडा विचारतात आणि खात्री नसेल तर दोन नावांमध्ये तिरकी रेघ मारून नोंद करायची सोयही असते. मी 'पांढुरका' भरला होता. रात्री बघते तर यादीत तिरकी रेघ, आणि शेरा: 'दोन निरीक्षक. एकीला कॉलर दिसल्याचा दावा. दुसरीला घायपात.' मी तिला फोन लावला. तिने तो उचलून आधी अंतर विचारलं.