स्वतः का रंगवत नाहीस? तुम्ही विचारलंत म्हणून

‘तू स्वतः का रंगवत नाहीस?’ भूमिकांच्या खेळात, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन टेबलाभोवती खेळायच्या गोष्टीत, मी मिनी (पात्रांच्या आणि प्राण्यांच्या बोटभर मूर्ती) मांडल्या की हा प्रश्न येतोच. तोवर विचारणाऱ्याच्या हातात माझा एखादा ऑर्क, म्हणजे राक्षसी शिपाई, गेलेला असतो, बेसखाली, म्हणजे मूर्तीच्या पायाखालच्या बैठकीखाली, कारखान्याचं जे छापलेलं असतं ते वाचून झालेलं असतं आणि आवाजात थोडी कीव उतरलेली असते. ‘वेळ नसतो हो’ म्हणून मी आजवर वेळ मारून नेत आले. वेळ असतो. रंगवताही येतं. बक्षीस मिळेल असं नाही, पण प्रायमरचा पहिला हात, मूळ रंग, घड्यांत उतरणारा पातळ वॉश, मग कोरड्या ब्रशने कडा उजळणं, हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. तरी माझ्या टेबलावर असतं ते कारखान्यातून रंगून आलेलं प्लास्टिक. एकदाच काय ते सविस्तर सांगते.

आधी तुमच्या तक्रारी. सगळ्या खऱ्या आहेत. डोळे जागेवर नसतात. माझ्याकडे एक पुजारी आहे, त्याचा डावा डोळा गालावर आहे. कातडीचा रंग इतका जाड की नाक-ओठ एकात एक. तलवारी वाकलेल्या. तलवारींचं निभावतं: पीव्हीसी मऊ असतं, गरम पाण्यात धरलं की बऱ्याचदा साच्यातला आकार आपोआप परत येतो, मग लगेच गार पाण्यात बुडवून तो पक्का करायचा. डोळ्याला इलाज नाही. त्या पुजाऱ्याला आम्ही ‘तिरपे महाराज’ म्हणतो.

पण खेळताना मिनी कुणी नाकाशी धरून बघत नाही. ती हातभर लांब असते, टेबलापलीकडच्याला त्याहून लांब. तिथून दिसते ती उभं राहण्याची ढब आणि एखाद-दोन मोठे रंग: हिरवा झगा, लाल ढाल. तिरप्या महाराजांचा डोळा तिथून ब्रह्मदेवालाही दिसणार नाही. म्हणून मी निवडताना मिनी दूर ठेवून बघते. हा कोण, हे एका नजरेत कळलं पाहिजे. शिवाय तो उद्या दुसरा कुणी होऊ शकला पाहिजे. टोपी ओढलेला, हत्यार म्यानात ठेवलेला, अंगावर साधा झगा असा माणूस मला दहा ड्रॅगनांपेक्षा प्यारा. तो आज सराईवाला, पुढच्या खेपेला हेर, नंतर कुणाचा तरी हरवलेला बाप. हात उंचावून किंचाळणारा, पायाखाली कवट्यांचा ढीग असलेला जादूगार एकाच संध्याकाळी कामाला येतो.

आणि हो, निवड करायलाही डोकं लागतं. नकाशावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले पाच फूट, माणसाचा बेस एक इंचाचा, ओगरसारख्या धिप्पाड गड्याचा दोन, महाकाय राक्षसाचा तीन, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण दुकानातल्या फोटोत बेसचा आकार नीट कळत नाही आणि घरी आलेला ‘राक्षस’ एका चौकोनात मावतो, तेव्हा काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

बंद खोक्यांबद्दल मात्र मला फार समर्थन करता येणार नाही. 2000 साली ‘मेज नाइट’ हा मिनींच्या लढाईचा खेळ आला, तेव्हापासून रंगवलेलं प्लास्टिक आणि न उघडता विकलेलं नशीब ही जोडी जमली. कित्येकांनी त्यातल्या मिनींच्या बुडाची आकडे फिरवणारी चकती काढून टाकून त्या आपल्या भूमिकांच्या खेळात वापरल्या. 2003 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या आमच्या भूमिकांच्या खेळाच्या स्वतःच्या मिनी आल्या, त्याही तशाच: खोक्यात आठ, त्यातली एक रेअर, म्हणजे दुर्मिळ, कोणती ते देवाच्या भरवशावर. हा सरळसरळ जुगार आहे आणि मला तो आवडतो. प्लास्टिकचा कचरा वाढतो, नको त्या मिनी साठतात, मान्य. फक्त माझं गणित उलटं आहे. गोळा करणारे रेअरच्या मागे, मला हवेत कॉमन. एकसारखे पाच लांडगे असले की हल्ला उभा राहतो. मी रेअर देऊन टाकते आणि लांडगे घेते, बेसला वेगवेगळ्या रंगाची कडी अडकवली की कुठला जखमी तेही कळतं.

आता खरं कारण.

आमच्या गटातल्या एकाने आपली धनुर्धारी स्वतः रंगवली होती. धातूची. झग्याचा निळा रंग घड्यांमध्ये जवळजवळ काळा आणि कडेला येईतो आभाळासारखा फिका. धनुष्याच्या दोरीवरसुद्धा एक उजळ रेघ होती. तो ती फोमच्या खाचेतून काढायचा, बेसला धरूनच ठेवायचा, आणि आम्ही न सांगता तिच्यापासून हात दूर ठेवायचो.

त्या दिवशी एक मुलगी पहिल्यांदाच खेळायला आली होती. तिची पाळी होती. वीस बाजूंचा फासा घरंगळत पलीकडे गेला, तो घ्यायला ती वाकली, बाही अडकली आणि धनुर्धारी फरशीवर. प्लास्टिक पडलं तर टुणकन उडतं. धातू डोक्यावर पडतो. धनुष्य वाकलं, नाकाचा आणि खांद्याचा रंग उडून खालचा पांढरट धातू उघडा पडला. तो खाली बसला आणि ओल्या बोटाने रंगाच्या खपल्या टिपत राहिला. ‘असू दे, होतं असं,’ म्हणाला. मनापासून म्हणाला, मला खात्री आहे. पण त्याने मान वर केली नाही.

तिच्या मुठीत फासा तसाच होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘किती पडले?’ ‘चौदा,’ म्हणाली. चौदाला वार लागत होता. आयुष्यातला पहिला वार, एरवी आम्ही टेबल डोक्यावर घेतलं असतं. कुणी हूं की चूं केलं नाही.

त्यानंतर तिने हात मांडीवर ठेवले ते शेवटपर्यंत. तिला पुढे जायचं असलं की शेजारच्याला सांगायची, ‘माझी ती दोन चौकोन पुढे घ्याल का?’ तिची ती म्हणजे माझीच प्लास्टिकची, कितीही आपटली तरी काही न होणारी मिनी. तरी हात लावला नाही. पुन्हा ती आली नाही. मी निरोप पाठवला, ‘सध्या गडबडीत आहे’ असं उत्तर आलं. मी त्याच वेळी तिला समजवायला हवं होतं असं नंतर सगळे म्हणाले. काय समजवणार होते? तो रागावलाच नव्हता, तर कुणाची समजूत काढायची?

तेव्हापासून नवं कुणी आलं की मी मिनींचं खोकं टेबलावर सरळ उपडं करते. खडखडाट होऊ देते. तिरपे महाराज हमखास खाली जातात, कुणीतरी त्यांना मुंडीला धरून उचलतं, आणि खेळ सुरू होतो.

पूर्वीची मी हे वाचून नाक मुरडेल. ती म्हणायची, प्लास्टिक म्हणजे खेळणं. तिला सांगावंसं वाटतं, बाई गं, या खेळातला आउलबेअर (घुबडाच्या तोंडाचं अस्वल) आणि रस्ट मॉन्स्टर (लोखंड गंजवून खाणारा प्राणी) जन्मले तेच हाँगकाँगहून आलेल्या प्लास्टिकच्या चित्रविचित्र प्राण्यांच्या स्वस्त पाकिटातून. खेळाच्या कर्त्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, याने ती खेळणी टेबलावर ठेवली आणि नंतर त्यांचे राक्षस केले. पण तीही गप्प बसणारी नाही. ती विचारेल, त्या धनुर्धारीला लोक हात लावत नव्हते, त्यात काहीतरी होतं ना? तुझ्या लांडग्यांकडे कुणी तसं बघतं? नाही बघत. लांडगा मेला की आम्ही तो खोक्यात फेकतो. धनुर्धारी नुसती जखमी झाली तरी टेबलावर शांतता पसरायची. ते मला परत मिळालेलं नाही, आणि ‘प्लास्टिकने काही बिघडत नाही’ असं मी ज्या जोरात म्हणते, त्या जोराचा मलाच संशय येतो.

तो अजून आमच्यात खेळतो. प्लास्टिक वापरतो, तक्रार नाही. हल्ली एक नवी रंगवायला घेतली आहे, यावेळी भाला घेतलेली. ‘टेबलावर चालेल ना?’ असं त्याने विचारलं, मी ‘आण की’ म्हटलं. त्याच आठवड्यात दोन नवे खेळाडू येणार आहेत, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. खोकं उपडं करायचं की नाही, तेही ठरत नाहीये.